सिबिलवर नावच नाही? मग पहिलं क्रेडिट कार्ड असं काढा

मिरजेतल्या एका पतसंस्थेत माझं चौदा वर्षं खातं आहे. तिथून दोनदा कर्ज घेतलं, एकदा स्कूटरसाठी आणि एकदा क्लासच्या खोलीवर पत्रा टाकायला. एकही हप्ता चुकला नाही. दुसरं कर्ज तर चार महिने आधीच फेडलं आणि बेबाकी दाखला फाईलला लावून ठेवला. ती फाईल काखेत मारून मी एका बँकेत क्रेडिट कार्ड मागायला गेले. टेबलापलीकडच्या मुलाने पॅन नंबर टाकला, स्क्रीनकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं काहीच दिसत नाही."

"म्हणजे खराब आहे?"

"खराब असतं तर दिसलं असतं. इथे काहीच नाही."

फाईल त्याने उघडलीसुद्धा नाही. तेव्हा राग आला होता, आता येत नाही, कारण त्याच्या स्क्रीनवर जे येतं ते कुठून येतं हे नंतर कळलं. आपण ज्याला सरसकट 'सिबिल' म्हणतो ती खरं तर एका कंपनीची नोंदवही. अशा चार कंपन्या आपल्याकडे आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका आणि फायनान्स कंपन्या आपल्या कर्जदारांची माहिती या चौघींना पाठवतात आणि त्यावरून 300 ते 900 मधला एक आकडा तयार होतो. पतसंस्था राज्याच्या सहकार कायद्याखाली चालतात, त्यांना रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो, आणि बहुतेक पतसंस्थांची माहिती या नोंदवह्यांपर्यंत पोचत नाही. भिशी, मामाकडून घेतलेले हातउसने, किराणावाल्याची वही, यांचा तर प्रश्नच नाही. डेबिट कार्ड, यूपीआय, एसआयपी यांतही उधारी नाही, म्हणून तेही तिथे दिसत नाही. वडिलांनी वीस वर्षं पीक कर्ज वेळेवर फेडलं असेल, तर ती वडिलांची पत. मुलाच्या पॅनवर तिचा ठिपकासुद्धा उमटत नाही.

तेव्हा पाटी कोरी असणं हा दोष नाही. रिझर्व्ह बँकेने 6 जानेवारी 2025 च्या निर्देशांत बँकांना सांगितलं आहे की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुनी नोंद नाही या कारणाने फेटाळू नये. मात्र याचा अर्थ कार्ड मिळण्याचा हक्क आहे असा होत नाही. पगार, नोकरी, वय, पत्ता हे बघून बँक नाही म्हणू शकते, आणि म्हणते. म्हणून सरळ दारातून न जाता बाजूच्या दारातून कसं जायचं, ते पुढे सांगते.

आधी स्वतःची पाटी बघा

अर्ज करण्याआधी स्वतःचा रिपोर्ट काढा. 2017 पासून या चारही कंपन्यांना प्रत्येक माणसाला वर्षातून एक संपूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर जा, पॅन, जन्मतारीख आणि मोबाईल नंबर टाका, ओटीपी द्या, रिपोर्ट उघडतो. मध्येच महिन्याची वर्गणी घ्या म्हणून पानं येतात, ती सोडून पुढे जायचं. स्वतःचा रिपोर्ट कितीही वेळा बघितला तरी स्कोअर कमी होत नाही. ही भीती मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की मुद्दाम लिहिते.

नोंद नसेल तर स्कोअरच्या जागी उणे एक किंवा 'एनएच' असं दिसतं. पण बऱ्याच जणांना इथेच धक्का बसतो. आपली पाटी कोरी आहे असं धरून चाललेल्या माणसाच्या नावावर दिवाळीत हप्त्यावर घेतलेला फोन असतो, किंवा खरेदीच्या ॲपवरचं 'आता घ्या, नंतर द्या' असतं, आणि त्यातले तीनशे रुपये भरायचे राहून गेलेले असतात. ॲपच्या मागे फायनान्स कंपनी असते, ती माहिती पाठवते, आणि तीनशे रुपयांची थकबाकीही थकबाकी म्हणूनच नोंदते. असं काही सापडलं तर आधी ते भरा, नोंद बदलल्याचं रिपोर्टात दिसू द्या, मगच कार्डाकडे वळा.

आपलं नसलेलं कर्ज दिसलं तर त्याच वेबसाइटवर तक्रार टाकायची. तीस दिवसांत निवारण झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची, असा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे.

नावाचा घोळ

हे काम कंटाळवाणं, पण आपल्याकडचे निम्मे अर्ज इथेच अडकतात असं मला वाटतं. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पॅनवर नाव आधी. आधारवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. बायकांचं तर विचारूच नका: पॅन माहेरच्या आडनावाने, आधार सासरच्या, बँक खातं लग्नाआधीचं. ऑनलाईन अर्जात यंत्र ही तिन्ही नावं जुळवून बघतं. जुळली नाहीत तर अर्ज तिथेच थांबतो, आणि कारण म्हणून कायतरी गुळमुळीत मेसेज येतो. आधी पॅन आणि आधार एकसारखे करून घ्या, मग बँकेत केवायसी अद्ययावत करा. मोबाईल नंबर तिन्हीकडे एकच हवा, आणि तो भावाचा नको, स्वतःचा हवा. भाड्याने राहत असाल तर सध्याच्या पत्त्याचा पुरावाही तयार ठेवा, कारण कार्ड त्या पत्त्यावर येतं.

पगारदाराला दोन-तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि खात्याचा उतारा लागतो. माझ्यासारख्या क्लासवाल्यांना, छोट्या धंदेवाल्यांना आयकर विवरण विचारतात. उत्पन्न करपात्र नसेल तरी विवरण भरून ठेवलेलं बरं, ही सवय इथे कामाला येते.

कुठलं कार्ड मागायचं

पहिली चौकशी स्वतःच्या बँकेत, म्हणजे जिथे पगार जमा होतो तिथे. सहा-आठ महिने पगार नियमित येत असेल तर बँकेला तुमची कमाई आणि खर्च दोन्ही दिसत असतात, त्यासाठी तिला सिबिलची गरज पडतेच असं नाही. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या विभागात 'प्री-अप्रूव्ह्ड', म्हणजे बँकेने आधीच मंजूर केलेलं, असं काही दिसतंय का बघा. दिसत असेल तर तेच घ्या, कागदपत्रंही कमी लागतात.

दिसत नसेल, किंवा पगारच नसेल, तर मुदत ठेवीवरचं कार्ड. मी हेच केलं, आणि कोऱ्या पाटीच्या माणसाला मी दुसरं काही सुचवतच नाही. पद्धत सोपी आहे. तुम्ही बँकेत एफडी करता, बँक त्या एफडीवर आपला हक्क नोंदवते आणि तिच्या साधारण 80 ते 90 टक्के लिमिटचं कार्ड देते. कमीत कमी ठेव कुठे पाच हजार, कुठे वीस-पंचवीस हजार. मी 25,000 ठेवले, 20,000 चं लिमिट मिळालं. एफडीवर व्याज नेहमीसारखं मिळत राहतं. पगाराची स्लिप मागत नाहीत, कारण पैसे बुडण्याची भीतीच नसते. आणि महत्त्वाचं म्हणजे या कार्डाची माहितीही इतर कार्डांसारखीच नोंदवह्यांकडे जाते. जातेच ना, हे अर्ज करताना तोंडी नको, लेखी विचारून घ्या. ते जात नसेल तर या सगळ्या खटाटोपाला अर्थ नाही.

त्यातल्या बारकाव्यांपैकी तीन लक्षात ठेवा. करबचतीची पाच वर्षांची ठेव यासाठी चालत नाही, कारण ती तारण ठेवता येत नाही. कार्ड सुरू आहे तोवर ही एफडी मोडता येणार नाही, तेव्हा दवाखान्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे यात घालू नका. आणि बिल थकवलं तर बँक एफडी मोडून वसूल करून घेते, पण तेवढ्याने सुटका होत नाही. थकल्याची नोंद रिपोर्टात बसते ती बसतेच. "माझेच पैसे आहेत, कापून घ्या" हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

माझ्या आईला हे काही केल्या पटेना. स्वतःचे पंचवीस हजार अडकवून वीस हजारांची उधारी घ्यायची, यात शहाणपण ते काय? ऋण काढून सण करू नये म्हणणाऱ्या घरात हा प्रश्न येणारच. तिला मी म्हटलं, ही उधारी खर्चासाठी नाही, नोंदीसाठी आहे. उद्या घरासाठी कर्ज काढायची वेळ आली तर तेव्हा पाटी कोरी असून चालायची नाही.

नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या कार्डावरचं ॲड-ऑन कार्ड हा मार्ग बरेच जण सांगतात. वापरायला ते ठीक, पण त्याची नोंद मूळ कार्डधारकाच्या नावावर होते. तुम्ही दहा वर्षं वापरलंत तरी तुमची पाटी कोरीच. घरातल्या बायकांच्या हातात असलेली किती कार्डं अशी ॲड-ऑन असतील, देव जाणे.

कार्ड नकोच असेल तर फ्रिज किंवा वॉशिंग मशीन हप्त्यावर घेऊन ते वेळेवर फेडणं, सोनेतारण कर्ज बँकेतून घेऊन फेडणं, यानेही नोंद तयार होते. पण ते एकदा संपलं की संपलं. कार्ड दर महिन्याला एक ओळ लिहीत राहतं.

अर्ज एकच

माझ्या भाच्याला चाकणला कंपनीत नोकरी लागली. पहिला पगार झाला त्याच रात्री त्याने फोनवर बसून पाच ठिकाणी अर्ज टाकले, एकाने नाही म्हटलं तर दुसरा देईल या हिशेबाने. पाचही नामंजूर. प्रत्येक अर्जासोबत त्या त्या बँकेने त्याचा रिपोर्ट मागवला, आणि मागवल्याची नोंद रिपोर्टात राहते. सहाव्या बँकेला काय दिसणार? कर्जाचा अनुभव शून्य आणि एका रात्रीत पाच ठिकाणी हात पसरलेले. "मामी, मला काय माहीत?" म्हणाला. खरंच, त्याला कोण सांगणार होतं. त्याला सहा महिने गप्प बसायला लावलं. पगार त्याच खात्यात येत राहिला आणि सातव्या महिन्यात त्याच्याच बँकेच्या ॲपमध्ये कार्ड दिसू लागलं.

म्हणून एका वेळी एक अर्ज. नामंजूर झाला तर बँकेने कारण लेखी कळवायला हवं, ते मागून घ्या. पुढे काय दुरुस्त करायचं ते त्यातून कळतं.

मॉलमध्ये, पेट्रोल पंपावर, रेल्वे स्टेशनबाहेर टेबल टाकून बसलेली मुलं असतात. बिचाऱ्यांना टार्गेट असतं, त्यांच्यावर राग नाही, पण त्यांच्या टॅबवर घाईघाईत सही करू नका. 'लाइफटाइम फ्री' म्हणाले तर ते शब्द अर्जात किंवा बँकेच्या ईमेलमध्ये दाखवा म्हणा. पहिल्या वर्षी फुकट आणि दुसऱ्या वर्षापासून फी, त्यावर 18 टक्के जीएसटी, असंच पुष्कळदा निघतं. पहिल्या कार्डाला फी नसावी. विमानतळावरचा लाउंज आणि सिनेमाची तिकिटं यांसाठी हजार रुपये भरायची ही वेळ नाही.

न मागता कार्ड घरी आलं तर? 2022 च्या नियमांप्रमाणे न मागितलेलं कार्ड देताच येत नाही. दिलं, सुरू केलं आणि त्यावर पैसे लावले, तर बँकेला ते परत करून वर दुप्पट दंड द्यावा लागतो. तुम्हीच मागितलेलं कार्ड तीस दिवसांत सुरू केलं नाही तर बँक ओटीपी पाठवून संमती विचारते. विचार बदलला असेल तर ओटीपी देऊ नका, खातं सात कामकाजाच्या दिवसांत विनाखर्च बंद व्हायला हवं.

कार्ड हातात आल्यावर

पिन बनवा आणि ॲपमधल्या कार्डाच्या सेटिंग्जमध्ये जा. नवं कार्ड येतं तेव्हा ऑनलाईन, परदेशी आणि टॅप करून पैसे देण्याची सोय बंदच असते. जे लागेल तेवढंच चालू करा. परदेशी व्यवहार बंदच राहू द्या. टॅपने 5,000 रुपयांपर्यंत पिन न विचारता पैसे जातात, त्यामुळे ते चालू केलंत तर त्याची मर्यादा हजार-दोन हजारांवर आणून ठेवा. लिमिटपेक्षा जास्त खर्चाची परवानगी विचारली तर नाही म्हणा.

मग लगेच ऑटो-पे लावा, म्हणजे बिल खात्यातून आपोआप भरलं जाण्याची सोय. इथे दोन पर्याय येतात: पूर्ण बिल किंवा 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली कमीत कमी भरायचीच रक्कम. पूर्ण बिल निवडा. हा एक टिचकीचा फरक आहे आणि माझ्या मते या अख्ख्या लेखातली सगळ्यात महागडी चूक इथेच होते. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने सात महिने 'ऑटो-पे लावलाय, मला काळजी नाही' म्हणत काढले. रोज शाळा, घर, शाळा. स्टेटमेंट उघडलंच नाही. ऑटो-पे चालूच होता, मिनिममचा.

मिनिमम म्हणजे काय ते आकड्यांतच बघू. समजा बिल आलं 12,000 रुपये. मिनिमम साधारण 5 टक्के, म्हणजे 600. ते भरलेत की उशिराचा दंड लागत नाही, फोन येत नाहीत, सगळं आलबेल वाटतं. मागे राहिले 11,400. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, वर्षाचे 42 टक्के. ढोबळ हिशेबाने एका महिन्याचं व्याज 399, त्यावर जीएसटी 72, मिळून 471. पुढच्या महिन्यात परत 600 भरलेत तर त्यातले 471 असेच गेले, मुद्दल हललं फक्त 129 रुपयांनी. शिवाय बाकी मागे राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. मग आज घेतलेल्या दुधाच्या पिशवीवरही आजपासून व्याज.

तारखांचं गणित

कार्डाच्या दोन तारखा असतात, बिल बनतं ती आणि पैसे भरायची शेवटची ती. माझं बिल 5 तारखेला बनतं आणि 25 तारखेपर्यंत भरायचं असतं. 6 ऑगस्टला काही घेतलं तर ते 5 सप्टेंबरच्या बिलात येतं आणि 25 सप्टेंबरपर्यंत भरायचं, म्हणजे पन्नास दिवस बिनव्याजी. तेच 4 ऑगस्टला घेतलं तर त्याच 25 ऑगस्टला भरायचं, एकवीस दिवस. 'पन्नास दिवस फुकट' या जाहिरातीतला पन्नासचा आकडा फक्त त्या एका दिवशीच्या खरेदीला लागू असतो.

पगार किंवा फी ज्या तारखेला येते तिच्याशी या तारखा जुळत नसतील तर बिलाची तारीख बदलून मागता येते. निदान एकदा तरी ही सोय बँकेने द्यायला हवी असा नियम आहे. माझ्याकडे क्लासची फी दहा तारखेपर्यंत गोळा होते, म्हणून 25 मला सोयीची. चाकणला पगार 7 ला होतो, भाच्याने शेवटची तारीख 12 करून घेतली.

शेवटची तारीख चुकलीच तर घाबरून न जाता त्याच दिवशी भरा. खातं थकल्याचं कळवणं आणि उशिराचा दंड लावणं बँकेला तीन दिवस उलटल्यावरच करता येतं. ही तीन दिवसांची मुदत सर्व्हर बंद पडला, गावाला रेंज नव्हती अशा वेळेसाठी आहे. तिच्या भरवशावर राहू नका.

किती आणि कशावर खर्च करायचा? लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत राहावं असा साधारण दंडक. वीस हजारांच्या लिमिटला सहा हजार. मी पहिले सहा महिने दोनच गोष्टी कार्डावर ठेवल्या, मोबाईल आणि वायफायचं बिल आणि स्कूटरचं पेट्रोल. महिन्याला दीड-दोन हजार. असाही महिना आला की लेकीची फी भरायची होती, अकरा हजार. तेव्हा कार्डाने भरली आणि बिल बनायच्या आधीच, 3 तारखेला, दहा हजार कार्डावर परत टाकले. बिलात जेवढी बाकी दिसते तीच बहुधा नोंदवहीकडे जाते, त्यामुळे छोट्या लिमिटवाल्यांना ही युक्ती उपयोगी.

रुपे कार्ड घेतलंत तर ते यूपीआयला जोडून दुकानातला क्यूआर स्कॅन करता येतो. सोय मोठी आहे, निमशहरी भागात तर कार्डाचं मशीनच नसतं तिथे हीच वाट. माणसाला पैसे पाठवायला मात्र ते चालत नाही, फक्त दुकानदाराला. माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने जोडू नका. पाकिटातून कार्ड काढताना हात जरा तरी थबकतो, स्कॅन करताना थबकत नाही.

आणि एटीएममधून क्रेडिट कार्डाने रोख काढायची नाही. कधीच नाही. काढताक्षणी फी, त्याच दिवसापासून व्याज, बिनव्याजी मुदत नाहीच. रोख लागली तर एफडीवर कर्ज, सोनेतारण, नाहीतर बहीण, यातलं काहीही बरं.

फोन येतील, तेव्हा

कार्ड चालू झालं की फोन सुरू होतात. "तुमचं लिमिट वाढवून देतो, आलेला ओटीपी सांगा." लिमिट वाढवायला बँकेला तुमचा ओटीपी फोनवर विचारावा लागत नाही. "कार्डासोबत विमा आहे, महिन्याला फक्त एवढे." नको म्हणा, आणि पुढच्या बिलात आला आहे का ते बघा. "मोठ्या खरेदीचे हप्ते करून देतो, झिरो कॉस्ट." त्यात प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी असतो, शून्य नसतं.

आपण न केलेला व्यवहार दिसला तर पहिलं काम ॲपमधून कार्ड बंद, दुसरं बँकेला कळवून तक्रार क्रमांक घेणं, तिसरं 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनवर फोन. तिसऱ्याच कुणाच्या चुकीने पैसे गेले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर बोजा येत नाही. तुम्हीच ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, चौकशीचा नंबर 14448. तिथे मराठीतून लिहिलं तरी चालतं.

सहा महिन्यांनंतर

स्कोअर पहिल्या बिलानंतर लगेच दिसत नाही. साधारण सहा महिन्यांच्या नोंदी जमल्या की उणे एकच्या जागी आकडा येतो. रिपोर्टात प्रत्येक महिन्याचा एक चौकोन असतो आणि त्यात किती दिवस उशीर झाला ते लिहिलेलं असतं. वेळेवर भरलं असेल तर तीन शून्यं. असे मागचे 36 महिने दिसतात. म्हणजे आज चुकलेला एक हप्ता तीन वर्षं तिथे बसून राहतो. बँका 2025 पासून निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवतात, त्यामुळे चूकही लवकर दिसते आणि दुरुस्तीही.

माझा पहिला आकडा सातव्या महिन्यात आला. आकडा सांगत नाही, उगीच तुलना होते. वर्ष झाल्यावर त्याच बँकेत एफडीशिवायचं कार्ड मागितलं, या वेळी टेबलापलीकडच्याने स्क्रीन बघून मान डोलावली आणि फाईल पुन्हा उघडली नाही. ते कार्ड आल्यावर एफडीवरचं कार्ड लगेच बंद करण्याची घाई करू नका. जुनं खातं जितकं जुनं तितकं रिपोर्टात वजनदार, आणि ते बंद झालं की एकूण लिमिटही कमी होतं. फी नसेल तर महिन्याला एखादं छोटं बिल त्यावर राहू द्या. वर्षभर अजिबात वापरलं नाही तर बँक कळवून ते बंद करू शकते.

एफडीतले पैसे हवेच असतील तर बंद करण्याचा क्रम असा ठेवा: आधी बिल शून्य करा, ऑटो-पेवर असलेली वर्गणी-बिलं दुसरीकडे हलवा, जमा झालेले पॉइंट वापरून टाका, मग ॲपमधून किंवा ईमेलने बंद करण्याची विनंती टाका. फोनवर सांगून थांबू नका, लेखी हवं. बाकी काही नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे, नाहीतर पुढे दिवसाला 500 रुपये दंड तुम्हाला मिळतो. बंद झाल्याचं पत्र आलं की एफडीवरचा बँकेचा हक्क काढलाय का ते उताऱ्यात बघा, आणि महिन्याभराने रिपोर्ट काढून त्या खात्यासमोर 'बंद' लिहिलंय याची खात्री करा. 'सेटल्ड' लिहिलेलं दिसलं तर त्याच दिवशी तक्रार टाका. त्या शब्दाचा अर्थ पूर्ण पैसे न देता तडजोड केली असा लावला जातो, आणि तुम्ही तर पै न पै भरलेली असते.